आगीनंतरची शाळा

रस्त्याच्या कडेला सावली धरून उभा असलेला नीलगिरीचा वृक्ष वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याचे माहेर ऑस्ट्रेलिया. त्याच्या पानांत तेल असते. म्हणून कडक उन्हाळ्यात वारा सुटला की तिकडील राने झपाट्याने पेट घेतात. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात असेच झाले. त्या दिवशी मेलबर्न शहरात ४६.४ अंश सेल्सिअस तापमान होते. वणव्यांनी १७३ माणसांचे प्राण घेतले आणि दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात केली. मेलबर्नच्या ईशान्येस असलेल्या स्ट्रॅथ्युअन या चिमुकल्या वस्तीतील २७ माणसे दगावली. तेथील प्राथमिक शाळाही जळून गेली. तो दिवस शनिवारचा, सुटीचा होता.

घरे पुन्हा बांधता येतात, शाळेच्या भिंतीही उभ्या राहतात. पण मुलांच्या मनाचे काय? मुले लवकर विसरतात, असे आपण वडीलधारी माणसे सहज म्हणून जातो. अनुभव मात्र निराळा आहे. १९८३ सालच्या ‘ॲश वेनस्डे’ वणव्यांनंतर संशोधकांनी आपद्ग्रस्त मुलांची दीर्घकाळ पाहणी केली. दोन महिन्यांनी मुले सावरल्यासारखी वाटली; आठ महिन्यांनी मात्र त्यांचा त्रास दिसू लागला आणि सव्वीस महिन्यांनंतरही तो ओसरला नव्हता. २००९ च्या वणव्यांसंबंधी मेलबर्न विद्यापीठाचे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. अधिक होरपळलेल्या भागांतील शाळांत, तिसरीतून पाचवीत जाताना मुलांची वाचनात आणि गणितात अपेक्षित तेवढी प्रगती झाली नव्हती, असे त्यात आढळले.

म्हणजे मदतीच्या गाड्या परत गेल्यावरच खरे काम सुरू होते, आणि ते करण्यास शाळेसारखी जागा नाही. स्ट्रॅथ्युअनच्या शाळेने २०१६ पासून जो मार्ग धरला, तो म्हणूनच लक्षात घेण्याजोगा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांनी स्थानिक अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांबरोबर आगीचा अभ्यास केला. आग कशी पसरते, वारा आणि चढण यांचा तिच्यावर काय परिणाम होतो, धोक्याच्या पातळ्या कशा ओळखाव्यात, हे ती शिकली. मग गावकऱ्यांना ते समजावून सांगण्यासाठी त्यांनी मातीच्या बाहुल्यांचा एक चित्रपट तयार केला. पुढे मुलांनी स्वतः लिहून आणि चित्रे काढून एक पुस्तकही केले.

मातीच्या बाहुल्यांचा चित्रपट ही सोपी गोष्ट नव्हे. बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. सेकंदाला बारा चित्रे धरली, तर एका मिनिटासाठी ७२० छायाचित्रे लागतात! ज्या आगीपुढे गाव हतबल झाले, तिचीच गोष्ट येथे मुलांच्या बोटांच्या गतीने, त्यांना हवी तेव्हा थांबत पुढे सरकते. ही मुले २००९ साली अवघी तीन ते पाच वर्षांची असतील. त्यांना आग फारशी आठवत नसेल. पण घरातील मोठ्यांचे मौन त्यांनी खासच ऐकले असेल.

मोठ्या आपत्तीनंतर माणसाला सुरक्षितता, मनःशांती, आपल्या हातून काही होऊ शकते हा विश्वास, माणसांचा सहवास आणि आशा या पाच गोष्टी हव्यात, असे तज्ज्ञांनी २००७ साली एकमताने मांडले. यांतील तिसरी गोष्ट बाहेरून आणून देता येत नाही. तयार चित्रात रंग भरायला दिल्याने ती मिळत नाही. विषय कोणता, नायक कोण, शेवट काय, हे मुलांनीच ठरवले तर मिळते. कालपर्यंत मदत घेणारे मूल येथे गावाला काही देणारे होते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. ‘आगीचे चित्र काढ’ असा हुकूम मुलाला कधीही देऊ नये. एखादे मूल ज्वाळा रंगवील, दुसरे केवळ आपला कुत्रा काढील; दोघांनाही तेवढेच मोकळेपण असावे. ज्याची झोप उडाली आहे, जे सतत भेदरलेले असते, अशा मुलाला कलेबरोबरच तज्ज्ञाचे साहाय्यही मिळाले पाहिजे.

वाचकहो, आपल्या प्रदेशात आपत्ती येते ती कधी पुराच्या, कधी भूकंपाच्या रूपाने. पंचनामा होतो, वह्या-पुस्तके वाटली जातात, शाळा भरते आणि मुले गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला आपण शहाणपण समजू नये. त्यांच्या हाती माती द्यावी, कागद द्यावा, आणि काय करायचे ते त्यांनाच विचारावे.

वणव्यानंतर नीलगिरीच्या कित्येक जातींच्या काळ्या पडलेल्या खोडावर, सालीखाली दडलेल्या डोळ्यांतून, थेट बुंध्यावरच कोवळी पालवी फुटते. कोणी बाहेरून ती चिकटवीत नाही. झाडाला थोडा अवधी द्यावा लागतो, इतकेच.