अनुभवाची नोंद : उत्पादक कंपनीचे सामाईक भांडवल

द्राक्षबागाइतीत अनुभवास मोठे मोल आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फूट कशी आवरावी, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कोणत्या हवेत केवडा बळावतो, हे जाणत्या बागाइतदारास पाने पाहताच उमगते. परंतु अनेकांनी मिळून चालविलेल्या धंद्यात असे ज्ञान एकट्यापाशी राहून भागत नाही.

याचा कटू प्रत्यय २०१० साली आला. वेलीची वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड हे रसायन बागांतून सर्रास वापरले जात असे. युरोपीय संघाने द्राक्षांतील त्याच्या अवशेषाची मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम ठेवली होती. तथापि निर्यातीपूर्व तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. माल युरोपात पोहोचल्यावर अवशेष आढळले व अनेक खेपा नाकारल्या गेल्या. वापर बागेत, मर्यादा कागदावर. दोहोंची गाठ पडली ती परक्या बंदरात. वर्षभराचे श्रम व पीककर्ज यांचा भार मात्र बागाइतदाराच्या शिरावर राहिला.

कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने दहा वा अधिक उत्पादकांस स्वतःची कंपनी स्थापण्याची वाट मोकळी झाली. अशा कंपनीने भागभांडवलाइतकीच माहितीचीही निगा राखावी. त्यासाठी पुढील गोष्टी हितावह होत :

१. प्रत्येक बागेस क्रमांक द्यावा व सर्वांनी एकाच नमुन्याची नोंदवही ठेवावी. तीत छाटणीची तारीख, औषधाचे नाव, प्रमाण, फवारणीचे कारण, परिणाम व काढणीचा दिवस लिहावा.

२. प्रयोगशाळा, कृषी खाते व व्यापारी यांजकडून आलेली प्रत्येक सूचना नोंदविण्याचे काम एका सभासदाकडे सोपवावे. त्याच्या गैरहजेरीत ते पाहणारा दुसराही नेमावा.

३. दर पंधरवड्यास नोंदींचे वाचन करावे. औषध कालविणाऱ्या मजुरासही बैठकीस बोलवावे. अखेर प्रमाण त्याच्याच हाती असते.

४. फसलेला प्रयोगही लिहावा. तो लिहिणाऱ्यास दूषण दिल्यास पुढील नोंद लपविली जाईल, आणि एकाचे नुकसान दुसऱ्याच्या बागेत पुन्हा घडेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या गोडी छाटणीपूर्वीच सभासदांच्या नोंदवह्या एका नमुन्यावर आणाव्यात. जाणता माणूस गाव सोडील, कार्यकर्त्याची बदली होईल; लिहून वाटलेले ज्ञान मात्र कंपनीपाशीच राहील.