महिलेचे पहिले रिव्हॉल्व्हर : परवाना, वजन आणि झटका

सेनगाव तालुक्यातील एखाद्या महिलेस स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर बाळगावयाचे असल्यास निवडीची सुरुवात दुकानात नव्हे, तर हिंगोलीच्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयात होते. कारण शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना अग्निशस्त्र बाळगता येत नाही, अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते आणि निर्णयापूर्वी पोलिसांचा अहवाल मागविला जातो. ९ मिलिमीटरचे पिस्तूल 'निषिद्ध बोअर'मध्ये, म्हणजे सामान्य नागरिकास वर्ज्य असलेल्या नळीव्यासाच्या वर्गात, मोडत असल्याने व्यवहारात निवड बहुधा .३२ बोअरपाशी येऊन थांबते. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले 'निर्भीक' याच बोअरचे असून त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे (आरंभीची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, ही बाब वेगळीच). मात्र हलकेपणा हा निखळ गुण मानणे चूक ठरते, कारण काडतूस तेच असताना शस्त्र जितके हलके, तितका गोळी सुटताना हाताला बसणारा झटका तीव्र असतो, आणि पर्समध्ये मावणाऱ्या आखूड नळीने नेम साधणेही कठीण जाते. म्हणून मुठीची पकड व चाप ओढण्यास लागणारा जोर खरेदीपूर्वी स्वतःच्या हाताने अजमावणे इष्ट. परवान्याबाबत सांगायचे तर, शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत ५ वर्षांची आहे.