कयाकच्या बैठकीचा कांठ

घरच्या घरीं लांकडी कयाक बांधणाऱ्या हौशी मंडळींची बहुतेक मेहनत नावेच्या तळाकडे व बाजूंकडे जाते, आणि पाहणाराही तिच्या निमुळत्या आकाराचीच स्तुति करतो. वल्हेकरी ज्या भोंकांत बसतो त्याच्या कडेची आठवण सर्वांत शेवटीं होते, आणि मग उरल्यासुरल्या लांकडांतून कांहीं तरी ठोकून दिलें जातें. आज मी या उपेक्षित कडेविषयींच बोलणार आहें. नावाड्यांच्या इंग्रजींत तिला कोमिंग म्हणतात. आपण कांठ म्हणूं.

हा कांठ कशासाठीं असतो, हें मूळ कयाक पाहिली म्हणजे ध्यानांत येतें. ग्रीनलंडमधील इनुइट शिकारी लांकडी सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून नाव बांधीत, व बैठकीच्या तोंडाशीं वांकविलेल्या लांकडाचें एक कडें बसवीत. अंगांतील कातडी डगल्याचा घेर त्या कड्यावरून ओढून बांधला कीं माणूस आणि नाव एकजीव होत. नाव उलटली तरी पाणी आंत शिरत नसे, आणि वल्ह्याच्या एका हिसक्यानें शिकारी पुन्हां सरळ होई. गिनो वॉटकिन्स या इंग्रज संशोधकानें १९३०-३१ च्या मोहिमेंत ही विद्या तेथील लोकांपासून शिकून घेतली. पुढें १९३२ सालीं तो ग्रीनलंडच्या पाण्यांत एकटाच शिकारीस गेला, तो परत आला नाहीं. त्याची रिकामी कयाक तेवढी उलटी तरंगत असलेली सांपडली. तेव्हां हा विषय केवळ शोभेचा नाहीं.

आजचा वल्हेकरी डगल्याऐवजीं कमरेला रबरी कापडाचा एक घागराच नेसतो. त्याच्या घेरांत लवचिक दोरी असते आणि ती कांठाच्या बाहेर आलेल्या ओठाखालीं बसते. या ओठाकडून आपण दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागतों. अंगावर लाट आदळली तरी घागरा सुटतां कामा नये; परंतु नाव उलटून माणूस पाण्याखालीं लोंबकळत असतां त्यानें पुढची फीत ओढली, कीं त्याच क्षणीं तो सुटलाच पाहिजे. ओठ अरुंद झाला तर पहिली अट मोडते, फार रुंद व धारदार झाला तर दुसरी. आणि दुसरी मोडली तर प्राणाशीं गांठ असते.

लांकडाच्या पट्ट्या वाफेवर वांकवून केलेला कांठ दिसावयास अधिक सुंदर, हें मी मान्य करतों. पण कयाकचें वरचें अंग घोड्याच्या खोगिरासारखें दोन्ही दिशांनीं वळलेलें असतें, आणि त्यावर लांकूड तंतोतंत बसविणें कसबी सुताराचें काम आहे. घरगुती कारागिरास कांचतंतु, म्हणजे फायबरग्लास, अधिक मानवतो. कांचेचे केसाहून बारीक धागे विणून केलेलें हें कापड एपॉक्सी नांवाच्या राळेंत भिजवावयाचें. आपल्या घरांत फुटकी बशी सांधावयास दोन नळ्यांतून येणारें ॲराल्डाइट असतें, तीच ही जात.

येथें गृहिणींचा अनुभव उपयोगी पडतो. पोलक्याच्या गळ्याला सरळ कापलेली पट्टी लावली तर ती चुणते, आणि उरेब पट्टी मुकाट्यानें वळते. कांचेच्या कापडाचेंही तसेंच आहे. पट्ट्या उभ्याआडव्या धाग्यांना तिरप्या, ४५ अंशांत, कापाव्या. म्हणजे त्या वळणावर चापून बसतात.

सांचा म्हणून बागेंत पाणी घालावयाची २५ मिलिमीटर जाड नळी पुरते. तिला तपकिरी चिकटपट्टी गुंडाळावी, कारण त्या पट्टीला एपॉक्सी धरत नाहीं. ही नळी भोंकाच्या कडेशीं बरोबर जुळवून नावेवर सभोंवार बसवावी. तिच्या बाहेरच्या बाजूसही तीच पट्टी लावावी. नळीच्या पोटाखालीं, कडेजवळ जी त्रिकोणी खांच राहते तींत राळेंत बारीक भुसा कालवून केलेली लांबी भरावी. मग १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या अशा बसवाव्या, कीं त्यांची खालची बाजू भोंकाच्या आंतून लांकडाला चिकटेल आणि वरची बाजू नळीवरून बाहेर वळेल. दर चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणाऱ्या कापडाचा एक थर सुमारें पाव मिलिमीटर होतो. म्हणून ८ थर द्यावे. भोंक ८० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद धरलें तर घेर जवळजवळ २ मीटर येतो. हिशेब करून पाहा: कापड सव्वातीनशें ग्रॅम आणि तितकीच राळ, म्हणजे सारा कांठ पाऊण किलोच्या आंत.

राळ व हार्डनर यांचें प्रमाण डब्यावर लिहिलेलें असेल तेंच घ्यावें. लवकर सुकावें म्हणून हार्डनर जास्त घालण्याचा मोह वाईट, कारण त्यानें राळ कच्ची राहते. मिश्रण खोल वाटींत ठेवलें तर आपल्याच उष्णतेनें तापून धुरावूं लागतें, म्हणून पसरट थाळींत थोडें थोडें कालवावें. दमट हवेंत सुकलेल्या राळेवर मेणासारखी साय धरते. पुढचा थर देण्यापूर्वीं किंवा घांसण्यापूर्वीं ती पाण्यानें धुवावी. हातमोजे मात्र न चुकतां घालावे. एपॉक्सी एकदां कातडीला बाधूं लागली कीं बहुधा जन्मभर बाधते. कांच घांसतांना नाकातोंडावर चांगला मुखवटा हवा, आणि शक्यतों ओल्या कागदानें घांसावें.

पुरी सुकल्यावर नळी बाहेर ओढून घ्यावी. मागें राहतो तो किंचित् खालीं वळलेला, उलट्या पन्हळीसारखा ओठ. तो भिंतीपासून २ सेंटिमीटरवर कापून त्याची धार कानशीनें बोथट करावी. नाहीं तर ती घागरा फाडील आणि बोटेंही. उन्हानें एपॉक्सी खराब होते, यासाठीं वरून सूर्यकिरणांस दाद न देणारें वार्निश द्यावें.

परीक्षा आधीं जमिनीवर घ्यावी. घागरा चढवून फीत कांठाबाहेर राहिली आहे कीं नाहीं हें हातानें चांचपावें, आणि डोळे मिटून ती पुढें व वर ओढावी. एका हातानें, एका ओढींत सुटली तरच कमरेइतक्या शांत पाण्यांत, शेजारीं जाणता सोबती उभा करून, नाव उलटून पाहावी. फीत अडत असेल तर मांड्यांपुढच्या भागांत ओठ एखाददुसरा मिलिमीटर आणखी कानसावा, आणि पुन्हां जमिनीवरूनच सुरवात करावी.