गंजापेक्षा मातीला जपा

जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढीच्या रथाचे दिवस आले, की परसबागांत खुरप्या, कात्र्या बाहेर निघतात. खुरपी गंजलेली नसेल, तर धनुर्वाताची भीती नाही, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. चकचकीत खुरपीची खोल जखमही धोक्याचीच.

म्हणून घट्ट मुठीचे, धारदार अवजार निवडा. बोथट अवजाराला जोर लागतो आणि हात घसरतो. हातमोजे घाला. लागलेच, तर हळद न दाबता जखम वाहत्या पाण्याने, साबण लावून धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. वयाच्या 16 व्या वर्षी घेतलेली लस आयुष्यभर पुरत नाही. जखमेत माती गेली आणि शेवटच्या डोसला 5 वर्षे उलटली असतील, तर पुन्हा लस घ्यावी लागते.