गाडी लावण्याचे व्याकरण

मराठीच्या प्राध्यापकाने रस्त्यावरच्या पट्ट्यांविषयी लिहावे, हा कित्येकांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. पण पट्टा म्हणजे तरी काय? रस्त्यावरचे विरामचिन्हच! ते वाचता आले नाही, की अर्थाचा अनर्थ ठरलेला.

प्रथम काळ्या-पांढऱ्या दगडांविषयी. फुटपाथच्या कडेला आळीपाळीने हे दोन रंग दिलेले असतात. ‘इथे गाडी लावू नये’ असा त्यांचा अर्थ पुष्कळ सुशिक्षित मंडळी करतात. ‘इथे खुशाल लावावी’ असा काही जण करतात. वस्तुतः ते बिचारे दोन्हींबाबत मौन पाळून आहेत. अंधारात कड दिसावी, एवढेच त्यांचे काम. बोलते ती पिवळी रेघ. कडेने ती सलग ओढलेली असली, की तिथे गाडी लावायला मनाई.

फलकांतही असाच बारकावा आहे. तांबड्या कडेच्या निळ्या वर्तुळात एकच तिरपी तांबडी रेघ असेल, तर गाडी लावून जायचे नाही. फुली असेल, तर तिथे थांबायचेसुद्धा नाही. कॅलिफोर्नियात गेलेल्या आपल्या मुलाबाळांना मात्र निराळा कोश पाठ करावा लागतो. तिथे फुटपाथची कड तांबडी म्हणजे थांबूच नका, हिरवी म्हणजे ठरावीक वेळच थांबा, निळी म्हणजे जागा दिव्यांगांची.

पुणेकरांनी तर यात छंदशास्त्रच आणले! पी-१ फलकाच्या बाजूला विषम तारखेस गाड्या, पी-२ च्या बाजूला सम तारखेस. विषम आणि सम चरण हे वर्गात शिकवणाऱ्या मला ही योजना फार आवडली. मात्र ३१ तारखेमागून १ तारीख येते तेव्हा दोन्ही दिवस विषमच, आणि वृत्तभंग होतो तो असा.

आमच्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावी एवढे सोपस्कार कुठले? एस.टी., ऑटो, खेड्यातून आलेल्या जीपा आणि मोटारसायकली, सारे एकाच रस्त्यावर. दुकानाच्या पायरीला गाडी टेकवणाऱ्याला हटकावे, तर तो हसून विचारतो, “सर, बोर्ड कुठंय?”

हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. फुटपाथ, चौक, वळण, बसथांबा, शाळेचे व इस्पितळाचे दार, दुसऱ्या उभ्या गाडीची बाजू – इथे गाडी लावायची नाही, हे देशभर लागू असलेल्या वाहन चालवण्याच्या नियमांतच सांगितले आहे. १९८९ च्या नियमांत ते होते आणि त्यांच्या जागी २०१७ साली आलेल्या नियमांतही आहे. तेव्हा बोर्ड नसला तरी मनाई असतेच.

आणि बोर्ड विचारणाऱ्याला न दिसणारी माणसेही असतात. फुटपाथ अडला म्हणून दप्तर घेऊन भर रस्त्यात उतरणारे पोर. इस्पितळाच्या दाराशी खोळंबलेल्या गाडीतली बाळंतीण. दोन मिनिटांत येतो म्हणून गेलेल्या गृहस्थाची दोन मिनिटे तिला किती लांब वाटत असतील!

दिवाळीच्या खरेदीला सहकुटुंब निघालात, की गाडीची किल्ली काढण्यापूर्वी एकवार मागे वळून पाहा. आपल्या गाडीशेजारून रुग्णवाहिका जाईल का? जाणार नसेल, तर गाडी थोडी पुढे, मोकळ्या जागी लावा आणि चार पावले चाला. फराळ पचायलाही ते बरेच.