चिपाडातले द्रावक : फरफ्युरलची ओळख आणि त्याचा हिशेब



बगॅसपासून वीज आणि बगॅसपासून कागद या गोष्टी आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. गटवार बैठकांतून आणखी एक नाव कानावर येते, ते म्हणजे फरफ्युरल. "साहेब, चिपाडातून म्हणे महागडे केमिकल निघते, मग आपण ते बॉयलरात जाळतो कशाला?" असा सरळ सवाल सभासद करतात. सवाल रास्त आहे. चिपाड तुमच्याच उसाचे आहे, त्याचा पैसा कशात जास्त होतो हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. म्हणून हा पदार्थ काय आहे, तो कसा निघतो आणि त्यापायी आपल्याला काय सोडावे लागते, हे या लेखात थोडक्यात सांगतो.

कोंड्यावरून पडलेले नाव

जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांना १८३२ साली दुसरेच एक आम्ल तयार करताना हा पदार्थ थोडासा हाती लागला. पुढे १८४० मध्ये स्टेनहाउस या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की धान्याचा कोंडा, भुसा असे पदार्थ गंधकाम्लाबरोबर उकळले की हेच तेल निघते. लॅटिन भाषेत कोंड्याला 'फरफर' म्हणतात, त्यावरून फरफ्युरल हे नाव पडले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र १९२२ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स कंपनीकडे ओट धान्याच्या फोलपटांचे ढीग साठत होते, त्यातून हा धंदा उभा राहिला. थोडक्यात, हा पहिल्यापासून टाकाऊतून निघालेला माल आहे.

रचना कशी असते?

साखरेच्या घटकांत, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये, कार्बनचे ६ अणू असतात. चिपाडाच्या तंतूंमध्ये मात्र ५ कार्बनवाल्या साखरेच्या लांब साखळ्याही असतात. त्यांना पेंटोसॅन म्हणतात. कोरड्या बगॅसमध्ये त्यांचे प्रमाण ढोबळमानाने चौथा हिस्सा धरावे. आम्ल आणि उष्णता मिळाली की ही साखळी तुटून झायलोज नावाची साखर मोकळी होते. झायलोजच्या एका रेणूतून पाण्याचे ३ रेणू निघून गेले की उरते ते फरफ्युरल.

त्याच्या रेणूत कार्बनचे ५, हायड्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. चार कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून पाच कोनांचे कडे बनते, आणि पाचवा कार्बन उरलेला ऑक्सिजन घेऊन त्या कड्याला शेपटीसारखा लागतो. या शेपटीला अल्डिहाइड गट म्हणतात. कडे आणि शेपटी, या दोहोंमुळेच पुढचे सगळे गुण येतात.

गुणधर्म

ताजे फरफ्युरल बिनरंगी, तेलकट आणि कडू बदामाच्या वासाचे असते. हवा व उजेड लागला की ते पिवळे, मग तांबूस आणि शेवटी काळे पडते. ते पाण्यापेक्षा जड असून घनता सुमारे १.१६ आहे. उकळबिंदू सुमारे १६२ अंश सेल्सियस. साध्या तापमानाला पाण्यात शेकडा ८ च्या आसपासच विरघळते, अल्कोहोलमध्ये मात्र पूर्ण मिसळते.

द्रावक म्हणून त्याची खुबी अशी की ते निवडून विरघळवते. खनिज तेलात कड्याच्या रचनेचे काही घटक असतात, त्यांच्यामुळे वंगण गरम झाले की फार पातळ होते. फरफ्युरल स्वतः कड्याच्या जातीचे असल्याने ते हेच घटक ओढून घेते आणि चांगले तेल मागे ठेवते. तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंजिन ऑइलचे मूळ तेल या रीतीने साफ करतात. दुसरा मोठा उपयोग फौंड्रीत. फरफ्युरलवर हायड्रोजनची क्रिया करून फरफ्युरिल अल्कोहोल करतात, त्यापासून फ्युरान रेझिन होते आणि ते ओतकामाच्या साच्याची वाळू घट्ट बांधते.

पण माल जपून हाताळावा लागतो. तो पेट घेतो, वाफ डोळ्याला व घशाला झोंबते, आणि अंगावर सांडला तर कातडीतून शरीरात जातो. तीव्र आम्लाशी गाठ पडली तर एकदम तापून घट्ट होतो. घरगुती भट्टीसारखा हा उद्योग नव्हे.

चिपाडातून कसे काढतात?

बगॅस बंद पात्रात आम्लासह ठेवून दाबाखालची वाफ सोडतात. तयार झालेले फरफ्युरल वाफेबरोबर वर येते. गंमत अशी की एकटे असताना १६२ अंशाला उकळणारे हे तेल पाण्याच्या सोबतीने ९८ अंशाच्या आतच उडते, आणि त्या वाफेत शेकडा ३५ च्या सुमारास फरफ्युरल असते. वाफ थंड केली की दोन थर होतात, वर पाणी आणि खाली जड फरफ्युरल. खालचा थर वेगळा काढून पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करतात.

दक्षिण आफ्रिकेत सेझेला येथे आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ला रोमाना येथे साखर कारखान्याच्या जोडीने बगॅसपासून फरफ्युरल काढले गेले आहे. चीनमध्ये ते मुख्यतः दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून करतात. आपल्या देशात आसामातील नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करण्याच्या प्रकल्पाचे २०२५ मध्ये उद्घाटन झाले, त्यातही फरफ्युरल हे जोडउत्पादन धरले आहे. तेव्हा होत नाही असे नाही. प्रश्न आहे तो परवडण्याचा.

आता हिशेब

१ टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस मिळते, पण त्यात निम्मे पाणी. म्हणजे कोरडा माल १४० ते १५० किलो. १०० किलो कोरड्या बगॅसमधून कागदावर १८ किलो फरफ्युरल निघायला हवे. पण तयार झालेला बराच माल पात्रातच बिघडतो आणि प्रत्यक्षात ८ ते १० किलो पदरात पडते. या मापाने १ टन फरफ्युरलसाठी २० ते २५ टन ओले बगॅस लागेल, म्हणजे ७० ते ८५ टन उसाचे चिपाड.

शिवाय जुन्या पद्धतीत १ टन मालामागे २० टन किंवा त्याहूनही जास्त वाफ खर्च होते. १ टन बगॅसमागे २ टन वाफ धरली तर हे आणखी १० टन बगॅस झाले. हां, सगळेच बगॅस संपत नाही. प्रक्रियेनंतर कोरड्या मालाचा सुमारे दोन तृतीयांश चोथा उरतो आणि तो जळतो. पण तो ओला व आंबट असतो, आणि त्यातला मोठा भाग फरफ्युरलचीच वाफ करण्यात जातो. ढोबळ हिशेबाने २० ते २५ टनांपैकी ५ टनांच्या आसपास जळण साखरेच्या व विजेच्या वाट्याला परत येते. म्हणून फरफ्युरलचा भाव नुसता पाहून चालत नाही, न विकलेल्या विजेचे पैसे त्यातून वजा करावे लागतात. आंबट सांडपाण्याची सोय हा खर्च वेगळाच.

पाचटाचे काय?

"मग पाचट द्या की त्याला," असेही कोणी म्हणेल. पाचटातही पेंटोसॅन असते, खोटे नाही. पण हेक्टरी ८ ते १० टन पाचट ही जमिनीची शिदोरी आहे. त्यात शेकडा अर्ध्याच्या आसपास नत्र आणि १ च्या आसपास पालाश असते, शिवाय सेंद्रिय कर्ब. ते सरीत दाबून दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत टाकावे. खोडव्याला ओल टिकते, तण दबते. पाचट विकून पुन्हा खताची पोती विकत आणणे हा शहाणपणाचा व्यवहार नाही. पेटवून देणे तर त्याहून वाईट.

तीन प्रश्न

फरफ्युरलची योजना घेऊन कोणी आले तर सभासदांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. हंगाम संपल्यावर आपले खरोखर किती बगॅस शिल्लक राहते? १ टन मालामागे वाफ किती लागते, आणि ती कोणत्या जळणावर? आणि तेवढ्या बगॅसची वीज केली असती तर किती रुपये आले असते? उत्तरे आकड्यांत आणि लेखी मिळावीत.

आपल्या हातचे काम मात्र आजपासून करता येते. ऊस स्वच्छ, पाचट व माती काढून, वेळेवर पाठवावा. मातीमिश्रित बगॅस बॉयलरात नीट जळत नाही, आणि उद्या फरफ्युरल करायचे झाले तरी त्यातली राख आम्ल खाऊन टाकते. चिपाडाचे काहीही करा, ते चांगले असले तरच त्याला किंमत आहे.

— ऊस विकास अधिकारी