मुल्कीच्या लाटा : सर्फिंग शिबिरातील चार दिवस

मंगळूरहून उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर, शांभवी नदी समुद्राला मिळते तेथे मुल्की हे गाव वसले आहे. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याचा खेळ, आपल्या देशात रुजला तो या गावी. अमेरिकेतून आलेले गौडीय वैष्णव संन्यासी जॅक हेबनर व त्यांचे शिष्य यांनी २००४ साली येथील आश्रमात सर्फिंगचा क्लब सुरू केला. देशातील तो पहिला मानला जातो. दिवसाचा आरंभ जपाने, मग समुद्र, जेवण शाकाहारी, मद्य व धूम्रपान वर्ज्य, अशी तेथील रीत. हेबनर यांना लोक ‘सर्फिंग स्वामी’ म्हणूनच ओळखत. पुढे किनाऱ्यावरील मच्छीमार घरांतील मुले या खेळात उतरली, त्यांतील काही प्रशिक्षक झाली, आणि आज मुल्की व शेजारच्या ससीहित्लूच्या परिसरात लहानमोठी शिबिरे चालतात. ससीहित्लूच्या किनाऱ्यावर ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ ही स्पर्धाही भरलेली आहे.

गेल्या जानेवारीत, संक्रांतीनंतर दुकानातील गर्दी ओसरल्यावर, सांगली व इचलकरंजी येथील आमची तीन कुटुंबे अशाच एका नदीकाठच्या शिबिरात चार दिवस राहून आली. लहानथोर मिळून आम्ही अकरा जण होतो. सर्वांत धाकटा दहा वर्षांचा, सर्वांत थोरल्या काकू अठ्ठावन्न वर्षांच्या. पाच जणांना पोहता येत नव्हते. परतल्यावर समाजातील इतक्या मंडळींनी खाण्याची, मुलींना पाठवण्याची आणि बुडण्याच्या भीतीची चौकशी केली की सविस्तर लिहिणेच बरे वाटले.

उडुपीच्या देवळांतून घडलेला स्वयंपाक कांदा-लसणाविना उत्तम होतो, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु तेथील आचाऱ्याला ‘कांदा-लसूण नको’ एवढेच सांगून भागत नाही. सुरण त्याच्या लेखी सात्त्विकच असतो आणि सांबारात बटाटा सहज पडतो. आम्ही निघण्यापूर्वी कंदमुळांची यादी कानडीत लिहून पाठवली होती. त्यामुळे चार दिवस नीर डोसा, फणसाच्या पानांतील इडली, काकडीची कोशिंबीर आणि आमसुलाचे सार यांवर मंडळी तृप्त राहिली. आमसुलाला तिकडे पुनर्पुळी म्हणतात. दहा वर्षांच्या चिरंजीवांना तो शब्द इतका आवडला की ते पुनर्पुळीखेरीज दुसरे काही पिईनात.

खरी अडचण वेळेची होती. किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा लाटा गुळगुळीत व सरळ उभ्या राहतात. दुपारकडे वारा उलटतो आणि पाणी विस्कटते. म्हणून धडे उजाडताच सुरू होतात. आमच्यातील तिघांची मात्र रोज नवकारशी. जानेवारीत तेथे सूर्योदयच सातच्या सुमारास, त्यावर अठ्ठेचाळीस मिनिटे, आणि आदल्या सायंकाळपासून चौविहार. म्हणजे पाण्याचा थेंबही न घेता दीड तास लाटांशी झुंज. प्रशिक्षकाने यास स्पष्ट नकार दिला. खारे पाणी, ऊन आणि श्रम यांत कोरडे शरीर लवकर थकते, आणि थकलेला माणूस समुद्रात नको, असे त्याचे म्हणणे. अखेर आमच्या तुकडीचा धडा सव्वाआठला ठेवला, सायंकाळचा धडा आम्ही सोडून दिला आणि सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली. नियम पाळणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वीच बोलून घ्यावी. मागाहून ती जमेलच असे नाही.

राहण्याची सोय साधी होती. कौलारू घर, चार खोल्या, मच्छरदाण्या, पडवीत ओळीने टेकवलेल्या फळ्या, न्हाणीघराबाहेर पायांची वाळू धुण्यास नळ. गरम पाणी बादलीने मिळे. वातानुकूलन नव्हते आणि त्या मोसमात त्याची गरजही भासली नाही. वाळूपासून मात्र सुटका नाही. ती अंथरुणात येते, डब्यात येते आणि इचलकरंजीपर्यंत सोबत करते.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. हे मोगवीर मच्छीमारांचे गाव. वाटेवर जाळी पसरलेली असतात, मासळी वाळत असते, आणि वारा फिरला की तो वास पडवीपर्यंत येतो. ज्यांना तो मुळीच सोसवणार नाही त्यांनी येथे येऊ नये, हेच योग्य. जे येतील त्यांनी नाक मुरडू नये. आपल्या मुलाला छातीभर पाण्यात सांभाळणारा तरुण त्याच घरांतून आलेला असतो.

पहिला धडा वाळूवरच झाला. नवशिक्यांची फळी आठ-नऊ फुटांची, वरून मऊ फोमची, लागली तरी फारशी इजा न करणारी. तिची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात, म्हणजे फळी दूर वाहून जात नाही. पालथे पडून दोन्ही हातांनी पाणी मागे सारायचे, लाटेने उचलले की तळवे छातीजवळ टेकायचे, आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली घ्यायचे. हे वाळूवर तीस वेळा करून घेतले. त्याहून अधिक वेळ पडण्याच्या शिक्षणात गेला. डोके खाली करून उडी मारायची नाही, आडवे पसरून पडायचे, वर येताना हातांनी डोके झाकायचे, आणि फळी कधीही आपल्या व लाटेच्या मध्ये येऊ द्यायची नाही, नाहीतर लाट ती थेट अंगावर आणते.

मग कमरेइतक्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या फेसाळ लाटेवर सराव. पोहता न येणाऱ्यांना त्यापुढे नेले नाही. दोन शिकाऊंमागे एक प्रशिक्षक होता. तो लाट निवडी, फळीला मागून धक्का देई आणि ‘ऊठ’ म्हणून ओरडे. मुले त्याला तिकडच्या रीतीने अण्णा म्हणू लागली. पहिल्या दिवशी एकही जण धड उभा राहिला नाही. सायंकाळी बरगड्या ठणकत होत्या, पोटाला फळीने खरचटले होते, आणि मुले आठच्या आत झोपी गेली. मोबाईलची आठवण कोणासही झाली नाही, याची नोंद मातांनी घेतली.

तिसऱ्या दिवशी अण्णा किनाऱ्यावर उभा राहून दहा मिनिटे नुसता पाहत राहिला आणि म्हणाला, आज सकाळी कोणी उतरायचे नाही. आमच्या डोळ्यांना समुद्र नेहमीसारखा, किंबहुना अधिक शांत दिसत होता. आमचे कापडवाले काका अस्वस्थ झाले. चार दिवसांचे पैसे मोजले आहेत, त्यातला एक दिवस असा कसा जाईल? अण्णाने त्यांना वाळूच्या उंचवट्यावर नेले व बोटाने दाखवले. दोन्ही बाजूंस लाटा फुटत होत्या, मध्ये गडद पाण्याचा एक पट्टा होता आणि तेथे लाट फुटतच नव्हती. नवखा माणूस नेमका तोच भाग सुरक्षित समजतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच वाटेने समुद्रात परतत असते. ओहोटीला नदीचे पाणीही बाहेर धावते, तेव्हा मुखाजवळ हा ओढा अधिकच जोर धरतो. त्यात सापडलेला मनुष्य किनाऱ्याकडे पोहण्याची शिकस्त करतो आणि दमून बुडतो. तशी वेळ आलीच तर फळी सोडायची नाही, आणि किनाऱ्याला समांतर पोहत आधी पट्ट्याबाहेर पडायचे.

काकांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग आजचे पैसे?’ ते परत मिळाले नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. जो पेढीवाला खराब माल विकण्यास नकार देतो त्याच्याकडेच आपण पुन्हा जातो. शिबिराची पारख करायची तर खोल्यांची छायाचित्रे पाहण्याऐवजी एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतात, जीवरक्षणाचे शिक्षण कोणाचे झाले आहे आणि समुद्र बिघडल्यास धडा बंद करतात काय, हे विचारावे. गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका कुटुंबाला दुसऱ्या किनाऱ्यावर आठ मुलांमागे एकच शिक्षक मिळाला होता. तेथील खोल्या म्हणे फार सुंदर होत्या.

तो मोकळा दिवस आम्ही मूडबिद्रीस घालवला. मुल्कीहून तासाभराची वाट. १४३० साली बांधलेल्या हजार खांबांच्या बसदीत चंद्रनाथांचे दर्शन घेतले. धवला ग्रंथाच्या ताडपत्रांचे शतकानुशतके जतन याच गावी झाले.

मुलींविषयी. इशिता मालवीय ही मुंबईची मुलगी मणिपाल येथे शिकत असताना २००७च्या सुमारास याच किनाऱ्यावर सर्फिंग शिकली. भारतातील पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज ती ओळखली जाते, आणि उडुपीच्या उत्तरेस कोडी बेंगरे येथे तिचा व तिच्या सहकाऱ्याचा क्लब आहे. पोशाखाची चिंता करणाऱ्यांनी निश्चिंत असावे. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा अंगरखा व घोट्यापर्यंत विजार हाच येथे सोयीचा वेश आहे, कारण ऊन आणि फळीचे घर्षण यांपासून तोच वाचवतो. सुती कपडे पाणी धरून जड होतात, ते नेऊ नयेत.

चौथ्या सकाळी आमच्या दोन मुली व एक मुलगा लाटेवर उभे राहून थेट वाळूपर्यंत आले. थोरल्या काकू गुडघ्यांवर उभ्या राहिल्या, त्यापुढे उठल्या नाहीत, आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. कापडवाले काका दोनदा पडले आणि तिसऱ्या खेपेस तीन सेकंद टिकले. ती तीन सेकंदे इचलकरंजीच्या बाजारात आता दहा झाली आहेत.

जून ते सप्टेंबर नवशिक्यांनी तिकडे फिरकू नये. दिवाळीनंतर मार्चपर्यंत समुद्र सौम्य असतो. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून मोठ्या होऊन येतात, त्या जाणत्यांसाठी. मुल्कीला कोकण रेल्वेचे स्थानक आहे. आमच्या मुलांनी दिवाळीनंतरच्या तारखा आतापासूनच अण्णाला कळवून ठेवल्या आहेत, आणि त्या यादीत काकांचे नाव पहिले आहे.